प्रवाळबेटावरील वन्यजीवदर्शन आणि पाहुण्याचा संयम : ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटाच्या संदर्भात

सारांश

वन्य प्राणी जवळून पाहावा ही पर्यटकाची स्वाभाविक इच्छा असते. त्या प्राण्याचे जीवनचक्र निर्वेध चालावे ही संरक्षणाची गरज असते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा निसर्गपर्यटनापुढील मूलभूत प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील हेरॉन या लहानशा बेटावर कासवांची कत्तल, कासवांवर स्वारीची करमणूक आणि नियमबद्ध दर्शन अशा तीन अवस्था एका शतकाच्या आत होऊन गेल्या. तेथील नियम कोणते आहेत, त्यांमागे प्राण्यांच्या वर्तनाचे कोणते शास्त्र आहे आणि या नियमांची मर्यादा कोठे येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : प्रवाळबेट, निसर्गपर्यटन, हिरवे समुद्री कासव, समुद्रपक्षी, प्रवाळ-विरंजन

१. प्रास्ताविक

निसर्गपर्यटनाविषयी सामान्यतः दोन टोकांची मते मांडली जातात. पर्यटनामुळे स्थानिकांना उत्पन्न मिळते व त्यातून संरक्षणाला बळ मिळते, असे एक मत आहे. पर्यटक जेथे जातो तेथील निसर्गाची हानी अटळ असते, असे दुसरे मत आहे. दोन्ही मतांत तथ्य असले तरी त्यांवरून एखाद्या विशिष्ट ठिकाणी नेमके काय करावे हे कळत नाही. ते कळण्यासाठी कोणता प्राणी, आयुष्याच्या कोणत्या अवस्थेत, कोणत्या अडथळ्याला कसा प्रतिसाद देतो, हे पाहावे लागते.

या दृष्टीने हेरॉन बेट हे अभ्यासाला सोयीचे उदाहरण आहे. अवघ्या सोळा-सतरा हेक्टरांच्या या बेटावर विश्रामगृह, राष्ट्रीय उद्यान आणि विद्यापीठाचे संशोधन केंद्र हे तिन्ही शेजारी-शेजारी आहेत. परिणामी पाहुणे ज्या प्राण्यांना पाहण्यासाठी येतात, त्याच प्राण्यांचा अभ्यास त्याच किनाऱ्यावर अनेक दशके चालत आला आहे.

२. बेटाचे स्वरूप व पूर्वेतिहास

क्वीन्सलँड राज्यातील ग्लॅडस्टोन या बंदरापासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, मकरवृत्ताच्या जवळ हे बेट आहे. त्याची लांबी सुमारे ८०० मीटर व रुंदी सुमारे ३०० मीटर आहे. ते ज्वालामुखीने किंवा मुख्य भूमीच्या तुटलेल्या भागाने बनलेले नाही. प्रवाळांचे, शिंपल्यांचे व चुनखडीयुक्त शैवालांचे तुकडे लाटांनी एका जागी साठवून त्यांच्यावर वनस्पती रुजल्या आणि हे बेट तयार झाले. अशा बेटावर मूळचे भूचर सस्तन प्राणी नसतात. कुत्रे, कोल्हे, रानडुकरे यांचा उपद्रव नसणे ही गोष्ट कासवांच्या व पक्ष्यांच्या वास्तव्यासाठी निर्णायक ठरते.

१८४३ मध्ये ‘फ्लाय’ या ब्रिटिश सर्वेक्षण जहाजाने या बेटाची नोंद घेतली. ओहोटीच्या वेळी खडकावर भक्ष्य शोधणाऱ्या समुद्री बगळ्यांवरून त्याला ‘हेरॉन’ हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात येथे कासवाचे सूप डबाबंद करण्याचा कारखाना निघाला. अंडी घालण्यासाठी वाळूवर आलेल्या माद्यांना उलथे पाडून कारखान्यात नेले जाई. जमिनीवर आलेली मादी पळू शकत नसल्यामुळे ही शिकार अत्यंत सोपी होती. हा धंदा फार काळ टिकला नाही. १९३२ मध्ये ख्रिश्चन पोलसन यांनी कारखान्याच्या जागी पर्यटकांसाठी विश्रामगृह सुरू केले. १९४३ मध्ये बेटाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९५० च्या दशकात संशोधन केंद्राची उभारणी झाली. हे केंद्र आज क्वीन्सलँड विद्यापीठाकडे आहे.

कारखाना बंद झाला म्हणून कासवांचा त्रास लगेच संपला, असे मात्र झाले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रेट बॅरियर रीफच्या बेटांवर कासवाच्या पाठीवर बसून स्वारी करणे ही पर्यटकांची आवडती करमणूक होती. हेरॉन बेटही त्यास अपवाद नव्हते. प्रवाळांचे तुकडे व शंख-शिंपले आठवण म्हणून नेण्याची प्रथाही सर्रास होती. त्या काळच्या पाहुण्याला हे वर्तन क्रौर्याचे वाटत नसे. प्राण्यावर प्रेम असणे आणि प्राण्याला त्रास न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. दुसरी गोष्ट केवळ भावनेने साध्य होत नाही. तिच्यासाठी ज्ञान व नियम लागतात. क्वीन्सलँडमध्ये १९६८ पासून सर्व जातींच्या समुद्री कासवांना कायदेशीर संरक्षण मिळाले. मूलनिवासी समाजांचा पारंपरिक हक्क मात्र त्यातून वेगळा ठेवण्यात आला.

३. पक्ष्यांचे बेट

हेरॉन बेटावर उतरणाऱ्या पाहुण्याला प्रथम भेटतात ते पक्षी. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात, म्हणजे साधारणतः ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, काळे नॉडी हे समुद्रपक्षी पिसोनिया वृक्षांवर घरटी करतात. त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते, असे अंदाज आहेत. गळालेली पाने विष्ठेने फांदीला चिकटवून केलेले हे घरटे अगदी तकलादू असते व त्यात एकच अंडे असते. घाबरलेला पक्षी उडाला की अंडे किंवा पिल्लू उन्हात उघडे पडते. म्हणून झाडाखाली गोंगाट करणे किंवा फांद्या हलवणे वर्ज्य मानले जाते.

याच पिसोनियाच्या चिकट बिया पक्ष्यांच्या पिसांना लागतात. त्या थोड्या असल्या तर पक्ष्याबरोबर दुसऱ्या बेटावर जाऊन रुजतात. पुष्कळ चिकटल्या तर पक्ष्याला उडता येत नाही व तो झाडाखालीच मरतो. अशा पक्ष्याला पाहून पाहुणे हळहळतात. परंतु ज्या वृक्षाने पक्ष्याला आसरा दिला तोच त्याचा घात करतो, हा त्या परिसंस्थेचा नित्यक्रम आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतील नत्र वाळूतून झिरपत भूजलात व पुढे प्रवाळभित्तीच्या पाण्यात पोहोचतो. यावरून बेटावरील झाडे, पक्षी व समुद्र यांचा किती निकटचा संबंध आहे हे लक्षात येते.

शिअरवॉटर या दुसऱ्या समुद्रपक्ष्याची वस्ती जमिनीखाली असते. तो वाळूत बीळ करून त्यात एक अंडे घालतो, दिवसभर समुद्रावर असतो आणि अंधार पडताना परततो. रात्री त्याचे रडण्यासारखे आवाज बेटभर ऐकू येतात. नवख्या पाहुण्याची झोप त्यामुळे उडते. या पक्ष्याच्या बिळावर पाय पडला तर छत कोसळून आतील पिल्लू गाडले जाते. पायवाट सोडू नये, हा साधा वाटणारा नियम या एका कारणाने अत्यंत महत्त्वाचा ठरतो.

पाणकोंबडीच्या कुळातील रेल नावाचे पक्षी तर भोजनाच्या टेबलांभोवती निर्भयपणे फिरतात व ताटातील घास पळवतात. त्यांना खाऊ घालण्यास मनाई आहे. माणसाच्या अन्नावर वाढलेल्या पक्ष्यांची संख्या अवाजवी वाढते व त्याची झळ इतर जातींना लागते. समुद्रकुरव हे याचे ठळक उदाहरण होय. उरलेल्या अन्नावर वाढलेले कुरव इतर पक्ष्यांची अंडी व कासवांची पिल्ले खातात. पाहुण्याने प्रेमाने टाकलेला पावाचा तुकडा अशा रीतीने दुसऱ्या जीवाच्या मुळावर येऊ शकतो.

४. कासवाची रात्र

हेरॉन बेटाची ख्याती मुख्यतः हिरव्या समुद्री कासवांमुळे आहे. लॉगरहेड जातीची कासवेही येथे कमी संख्येने येतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करतात व एका वेळी साधारणपणे शंभराहून अधिक अंडी घालतात. सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने ती मादी पुन्हा येते व एका हंगामात अनेकदा अंडी घालते. त्यानंतर काही वर्षे ती परतत नाही. हिरव्या कासवाला प्रजननक्षम होण्यास येथे तीस ते पन्नास वर्षे लागतात. त्यामुळे एका मादीची हत्या ही केवळ एका प्राण्याची हानी ठरत नाही. तिच्या उरलेल्या आयुष्यातील असंख्य घरटी तिच्याबरोबर नष्ट होतात आणि ती तूट भरून येण्यास माणसाच्या दोन पिढ्यांचा काळ लागतो.

कासवदर्शनाचे नियम मादीच्या वर्तनावरून ठरलेले आहेत. पाण्यातून वर येताना व खड्डा खणण्यापूर्वी ती अत्यंत सावध असते. समोर हालचाल किंवा प्रकाश दिसला तर अंडी न घालताच ती परत फिरते. एकदा अंडी घालणे सुरू झाले की तिची सावधता कमी होते. म्हणून पाहुण्यांनी दुरूनच, स्तब्ध उभे राहून वाट पाहावी लागते. अंडी घालणे सुरू झाल्यावर मार्गदर्शकाच्या सूचनेनुसारच, मागच्या बाजूने जवळ जाता येते. पांढऱ्या विजेऱ्या व कॅमेऱ्याचा चमकदिवा यांना परवानगी नसते. येथे वेळापत्रक कासवाचे असते आणि पाहुणा त्याला जुळवून घेतो. काही रात्री मादी अर्ध्यातून परतते आणि पाहुण्यांना रिकाम्या हाताने झोपायला जावे लागते. असे होऊ शकते याची पूर्वकल्पना पाहुण्यांना देणे हाही मार्गदर्शनाचाच भाग असतो.

प्रकाशाचा प्रश्न पिल्लांच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. अंडी घातल्यापासून सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बहुधा रात्री वाळूतून वर येतात व क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात. निसर्गतः ती बाजू समुद्राची असते. इमारतीतील दिवा त्याहून उजळ असला तर पिल्ले उलट दिशेला जातात आणि थकून, वाळून किंवा भक्षकांच्या तोंडी पडून मरतात. त्यामुळे किनाऱ्याकडील दिवे बंद ठेवणे, झाकणे व खोल्यांचे पडदे ओढून घेणे ही पाहुण्यांची जबाबदारी ठरते. पाहुणा झोपलेला असतानाही त्याच्या खोलीतील दिवा वन्यजीवांवर परिणाम करीत असतो.

५. मदतीचा मोह

पिल्ले दिवसा बाहेर आली की कुरव झडप घालतात. काही अंतरावर समुद्र असताना पिल्लू उचलले जाताना पाहणे सोपे नसते. ‘याला हातात घेऊन पाण्यात सोडले तर काय बिघडेल?’ हा प्रश्न पाहुणे विचारल्याशिवाय राहत नाहीत. येथील उत्तर सामान्यतः नकारार्थी असते.

त्यामागे दोन कारणे आहेत. वाळूवरून समुद्रापर्यंतचा प्रवास हा पिल्लाच्या दिशाज्ञानाचा भाग असतो. समुद्राकडे जाण्याची दिशा त्याने स्वतः धरायची असते आणि पाण्यात शिरल्यावर लाटांच्या रोखाने तीच दिशा टिकवायची असते. दुसरे कारण असे की, पाण्यात शिरल्याने पिल्लू सुरक्षित होत नाही. हेरॉन बेटाभोवतीच्या उथळ प्रवाळपठारावर केलेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ते पठार ओलांडताना सरासरी सुमारे ३१ टक्के पिल्ले माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात, असे आढळले. भरतीच्या वेळी व काळोख्या रात्री हे प्रमाण कमी होते. म्हणजे भर दिवसा, ओहोटीला, प्रेमाने पाण्यात सोडलेले पिल्लू पक्ष्याकडून वाचून माशाच्या तोंडी जाण्याची शक्यता मोठी असते. एवढ्या मोठ्या संख्येने अंडी घालणाऱ्या जातीत बहुसंख्य पिल्ले मरणार हे गृहीतच असते. त्यांच्यावर इतर अनेक जीव जगतात.

परंतु हस्तक्षेप करू नये हा नियम सार्वत्रिक मानणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तेथे कुत्री, कोल्हे व माणसे यांच्याकडून घरटी लुटली जात असत. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने अंडी गोळा करून संरक्षित कुंपणात पुरण्याचे व पिल्ले समुद्राकडे सोडण्याचे काम केले. २००६ पासून भरणाऱ्या कासव महोत्सवातून पर्यटक गावात येऊ लागले आणि ग्रामस्थांच्या घरी राहू लागले. वेळास येथे अंडी हलवणे हेच संरक्षण ठरते, तर हेरॉन बेटावर पिल्लाला हात न लावणे हे संरक्षण ठरते. नियम वेगळे असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. माणसाने व त्याच्याबरोबर आलेल्या प्राण्यांनी निर्माण केलेला धोका माणसाने दूर करावा आणि जो धोका त्या परिसंस्थेचाच भाग आहे त्यात ढवळाढवळ करू नये, असे हे तत्त्व सांगता येईल. दिव्यामुळे वाट चुकलेले पिल्लू आणि कुरवाने टिपलेले पिल्लू यांतील फरक याच तत्त्वाने समजतो.

६. ओहोटीचे पठार व समुद्र

ओहोटीच्या वेळी बेटाभोवतीचे प्रवाळपठार उघडे पडते व मार्गदर्शकाबरोबर त्यावर चालता येते. प्रवाळ हे लहान प्राण्यांच्या वसाहतींनी बनलेले असल्याने त्यांवर पाय देणे म्हणजे सजीव तुडवणे होय. म्हणून प्रवाळांमधील वाळूच्या पट्ट्यांतून चालण्याचा दंडक आहे. समुद्रकाकडी, तारामासे, शिंपले उचलून पाहणे टाळले जाते. शंकूच्या आकाराचा कोन शंख तर हाताळणाऱ्याला विषारी दंश करू शकतो.

याच डबक्यांत एपॉलेट शार्क हा लहान मासा आढळतो. ओहोटीच्या रात्री साचलेल्या पाण्यातील प्राणवायू झपाट्याने कमी होतो. इतर मासे तेथे तग धरू शकत नाहीत. एपॉलेट शार्क मात्र अत्यल्प प्राणवायूवर काही तास जगतो व परांच्या आधाराने खडकावरून सरपटत पुढे जातो. या क्षमतेचा अभ्यास हेरॉन बेटाच्या संशोधन केंद्रात झालेला आहे. उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या परांचे शार्क व पाकट मोठ्या संख्येने दिसतात. त्यांना खाद्य दाखवून जवळ बोलावले जात नाही. ते आपल्या कामाने किनाऱ्याजवळ येतात आणि पाहुणा शांत राहिला तर त्यांचे निरीक्षण करता येते.

जून ते ऑक्टोबरच्या सुमारास हंपबॅक देवमासे या भागातून जातात. बोटींनी त्यांच्यापासून किमान १०० मीटर अंतर राखावे असा नियम आहे. पिल्लू बरोबर असल्यास ते अंतर ३०० मीटर आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी शिकारीमुळे पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील ही प्रजा काही शेकड्यांवर आली होती. शिकार थांबल्यावर ती इतकी सावरली की २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने हंपबॅकला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळले. थेट हत्या थांबवली तर निसर्ग सावरतो, याचे हे आश्वासक उदाहरण आहे.

७. नियमांची चौकट

केवळ पाहुण्यांच्या सद्भावनेवर ही व्यवस्था उभी नाही. १९७५ च्या कायद्याने ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाची स्थापना झाली व १९८१ मध्ये या प्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. २००४ मध्ये नवी विभागरचना लागू झाली. तिच्यामुळे मासेमारीला पूर्ण बंदी असलेले क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होते ते सुमारे एकतृतीयांशावर गेले. पर्यटन व्यावसायिकांना परवाना घ्यावा लागतो. १९९३ पासून पर्यटकांमागे पर्यावरण व्यवस्थापन शुल्क आकारले जाते व ते उद्यानाच्या व्यवस्थापनासाठी वापरले जाते. ‘आय ऑन द रीफ’ या उपक्रमात पर्यटक व मार्गदर्शक यांनी नोंदवलेली निरीक्षणे व्यवस्थापनाच्या उपयोगी पडतात. पाहुणा या व्यवस्थेत केवळ ग्राहक राहत नाही. त्याने शिस्तीने केलेली नोंद हीही संरक्षणाला केलेली मदत ठरते.

८. नियमांच्या आवाक्याबाहेरचे संकट

वरील सर्व नियम काटेकोरपणे पाळले गेले तरी बेटावरील वन्यजीव सुरक्षित राहतील, असे म्हणता येत नाही. याचे कारण तापमानवाढ हे होय. कासवाच्या पिल्लाचे लिंग अंडी उबवताना असलेल्या वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या वर माद्यांचे प्रमाण वाढत जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या अल्पवयीन हिरव्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. दक्षिण भागातील, म्हणजे हेरॉन बेट ज्या भागात येते तेथील, कासवांत हे प्रमाण ६५ ते ६९ टक्के होते. दक्षिणेकडील किनारे त्यामुळे अधिकच मोलाचे ठरतात.

समुद्र तापला की पक्ष्यांवरही परिणाम होतो. २००२ च्या उष्ण उन्हाळ्यात हेरॉन बेटावरील शिअरवॉटर पक्ष्यांना पिल्लांसाठी पुरेसे खाद्य मिळाले नाही व त्यांचे प्रजनन अयशस्वी झाले, अशी नोंद आहे. प्रवाळांच्या सामूहिक विरंजनाच्या घटना १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ व २०२४ या वर्षी घडल्या. पूर्वी दक्षिण भाग तुलनेने बचावत असे. २०२४ मध्ये मात्र त्यालाही मोठा तडाखा बसला. हेरॉनच्या शेजारील वन ट्री बेटाजवळ संशोधकांनी ४६२ प्रवाळवसाहतींवर लक्ष ठेवले होते. एप्रिलपर्यंत त्यांपैकी ८० टक्के वसाहती विरंजित झाल्या आणि जुलैपर्यंत विरंजित वसाहतींपैकी ४४ टक्के मृत झाल्या.

येथे एक विसंगती लक्षात घेणे भाग आहे. दूरदेशीचा पाहुणा विमानाने व पुढे बोटीने किंवा हेलिकॉप्टरने या बेटावर पोहोचतो. किनाऱ्यावर तो कासवापासून योग्य अंतर राखतो, परंतु त्याच्या प्रवासातून निर्माण झालेला कार्बन वायू वाळूच्या तापमानात भर घालतो. बेटावरील मार्गदर्शक विजेरी विझवायला सांगू शकतो, मात्र पाहुण्याच्या घरच्या ऊर्जावापरावर त्याचा अधिकार चालत नाही. वन्यजीवदर्शनाचे समर्थन करताना ही बाजू वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

९. समारोप

हेरॉन बेटाच्या उदाहरणातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, वन्यजीवदर्शनाचे नियम प्राण्याच्या वर्तनाच्या अभ्यासातून आले तरच ते टिकतात व पाहुण्यांना पटतात. मागून जा, दिवा विझवा, वाट सोडू नका या प्रत्येक सूचनेमागे निश्चित कारण आहे. दुसरा निष्कर्ष असा की, एका ठिकाणचा नियम दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावता येत नाही. वेळास व हेरॉन यांची तुलना हेच दर्शवते. तिसरा निष्कर्ष अधिक कठीण आहे. ज्या प्राण्यांना मारणे, उलथे पाडणे किंवा त्यांच्यावर बसणे माणसाने थांबवले, त्यांना आता माणसाच्या दूरवरच्या दैनंदिन व्यवहारांपासून धोका आहे. प्रत्यक्ष हातांनी केलेली हानी थांबवण्यात कायदा व प्रबोधन यांना पुष्कळ यश आले. अप्रत्यक्ष हानीबाबत तसे यश अद्याप आलेले नाही.

अशा स्थितीत वन्यजीवदर्शनाचे मोल पाहुणा घरी परतल्यावर कसा वागतो यावर अवलंबून राहील. आज वाळूतून बाहेर पडलेली मादी पिल्ले जगली, तर अंडी घालण्यासाठी त्या प्रदेशातील किनाऱ्यावर परतेपर्यंत या शतकाचा मध्य उलटून गेलेला असेल. त्या वेळी ती वाळू अंडी उबवण्याजोगी राहिलेली असेल की नाही, याचा निर्णय बेटाबाहेर राहणारी माणसे आज घेत आहेत.